ताईला कोणी जेवू घालू नये

विएंतियान,
४ जून १९९५

ती. फिम्माताईस,
धाकट्या थावीचा हात जोडून नोप. वि. वि.

तुझं लिमोजहून टाकलेलं पत्र परवा मिळालं. तुमच्या धुलाईखान्याला ऑगस्टात सुट्टी असते, त्या सुट्टीत तू थायलंडची सहल घेतली आहेस आणि त्यातला एक दिवस नव्या पुलावरून इकडे, आमच्या बाजूला येणं आहे, हे वाचून मी पत्र हातात धरून तसाच बसलो. नोय, म्हणजे तुझी भावजय, काय झालं म्हणून विचारत होती आणि मला बोलता येईना. तेव्हा ती घाबरून रडली. मग कळल्यावर आनंदाने पुन्हा रडली. एकूण घरात रडणं भरपूर झालं.

आता माझं नशीब बघ. पुलापलीकडून येणारे फ्रेंच पाहुणे शहरात फिरवायचं काम आमच्याच ऑफिसकडे आहे, आणि त्या दिवशीचा गाइड म्हणून मी माझं नाव लावून घेतलंय. व्हिसा सगळ्या गटाचा मिळून एकच, पासपोर्ट गटप्रमुख बाईंकडे, आणि संध्याकाळी सगळ्यांनी पुलापार गेलंच पाहिजे. म्हणजे तुला शिएंग ख्वांगला गावी जाता येणार नाही. आईलाच इकडे आणायचं. आपली सगळ्यांत धाकटी केओ तिकडे आईपाशीच असते, तिला आजच लिहितो.

दिवसाची आखणी मी अशी केली आहे. सकाळी सी साकेतचा विहार, समोरचं फ्रा केओ, मग पातूसायची कमान, ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी वर चढायचं. दुपारी ‘घरगुती लाओ जेवण’ म्हणून अख्खा गट माझ्या घरी. ऑफिसला कल्पना फार आवडली. स्वयंपाक कोण करणार ते मी सांगितलेलं नाही. ऑगस्टात बांबूचे कोंब कोवळे मिळतात, आईच्या हातचं कोंबांचं कालवण होईल. जेवणानंतर पाहुण्यांना पंख्याखाली डुलक्या काढू देऊ आणि तुम्ही दोघी मागच्या ओसरीवर बसा. थात लुआंगचा सोनेरी स्तूप संध्याकाळी पाहिला तरी तो कुठे पळून जात नाही.

तिकडे थंडी कमी झाली असेल. जपून ये. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
थावी


लिमोज,
२२ जून १९९५

चि. थावीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझं अक्षर बघून हसू नकोस. इकडे आपल्या लिपीत लिहायला माणूस नाही, हात विसरत चाललाय. तुझं मात्र अजून लहानपणीसारखंच, ओळ संपली की खाली घसरतं. मोठा गाइड झालास तरी ते सुधारलं नाही.

थावी, मला पातूसाय दाखवू नकोस, स्तूपही दाखवू नकोस. तुम्ही सगळे गावी परतलात आणि मी नर्सिंग शिकायला शहरात राहिले, तेव्हा रोज त्यांच्याच समोरून जात होते. मला फक्त आईच्या हातचा भात हवाय. तिने टोपलीतून काढून, बोटांनी दाबून, मिरचीच्या ठेच्यात बुडवून दिलेला गोळा. पळून जाताना मेकाँगमध्ये नाव उलटली त्या रात्री मी एका रिकाम्या डब्याला धरून वाहत गेले, पलीकडच्या निर्वासित छावणीत राहिले, मग इथे आले. कोणीतरी सांगितलं होतं की आपलं गाव जळालं, कोणी उरलं नाही. तुम्ही मला बुडालेली समजलात, मी तुम्हाला जळालेले समजले. गेल्या वर्षी नववर्षाच्या मेळाव्यात आपल्याकडचा तो माणूस भेटला नसता तर दोन्हीकडची माणसं एकमेकांसाठी दिवे लावत म्हातारी झाली असती.

पुढच्या वर्षी पुन्हा येईन अशी आशा आईला दाखवू नकोस. सहलीतली ही जागासुद्धा कामावरच्या एका बाईने आजारी पडून सोडली म्हणून माझ्या पदरात आली. एवढा एकच दिवस आहे. तो नीट आख, बाबा.

नोयला आशीर्वाद. असाच जीव लावत राहा.

तुझी ताई,
फिम्मासोन


बान ना सी,
९ जुलै १९९५

ती. थावीदादास,
केओचा नोप. वि. वि.

तुझं पत्र ट्रकवाल्या काकांनी आणून दिलं. आईने ते मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं आणि उठून चूल सारवायला घेतली, जशी काही ताई संध्याकाळीच दारात येणार. चार दिवस नुसती धांदल. भात निवडून ठेव, मिरच्या वाळव, हे कर, ते कर. माझं पोट एवढं पुढे आलेलं, वाकता येत नाही, तरी तिच्यामागे पळत होते.

मग ती विहारात जाऊन भन्तेजींना तारीख विचारून आली आणि पाय न धुताच बसली. म्हणाली, त्याला लिही, पोरीला येऊ नको म्हणावं. दादा, तू इतकी आखणी केलीस आणि पंचांग बघितलं नाहीस. ताई येणार त्याच दिवशी, पंचवीस ऑगस्टला, खाओ पदाप दिन आहे. मेलेल्यांना जेवू घालायचा दिवस.

ताई बुडाल्याचं कळल्यापासून आईने एक वर्ष चुकवलेलं नाही. पहाटेच्या अंधारात केळीच्या पानाचा पुडा, त्यात भात, मासा, पिकलं केळं, विडा. विहाराच्या कुंपणाशी जमिनीवर ठेवते आणि नाव घेऊन हाक मारते, फिम्मा ये, जेवून जा. मला ताईचा चेहरा आठवत नाही, मी तिला त्या पुड्यावरूनच ओळखते. आता आई म्हणते, मी इतकी वर्षं जिला त्या दिवशी बोलावलं ती बरोब्बर त्याच दिवशी येतेय. त्या दिवशी येणारे जेवतात आणि दिवस संपला की परत जातात. हीसुद्धा संध्याकाळी परत जाणार. मग मी कोणाला जेवू घातलं, ते तुम्ही मला सांगा.

भन्तेजींनी किती समजावलं की असं कुठेही सांगितलेलं नाही. आई त्यांना म्हणाली, तुम्हाला शास्त्र ठाऊक, मला माझी पोर ठाऊक.

आणखी एक, हे ताईला कळवू नकोस. आईच्या पोटातली गाठ वाढली आहे. जेवण टिकत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या मेहुण्याला, सिवोनला, बाजूला घेऊन सांगितलं की पुढची भातलावणी म्हातारी बघेल असं धरून चालू नका. मी काय करू ते लवकर लिही. मी एकटी आहे असं वाटू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
केओ


विएंतियान,
१६ जुलै १९९५

चि. केओस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पंचांग बघितलं नाही हे खरं. आमच्या ऑफिसातल्या कॅलेंडरावर विमानाचं चित्र आणि फक्त इंग्रजी तारखा असतात, तिथे मेलेल्यांना कोण विचारतो.

तारीख बदलता येते का म्हणून साहेबांच्या पुढे जवळजवळ लोळणच घेतली. नाही म्हणाले. विमानं ठरलेली, पुलावरची परवानगी ठरलेली, एका बाईसाठी वीस माणसं हलत नाहीत. दोन दिवस मी हाच विचार करत होतो की आईला खोटी तारीख सांगावी. पण ती आता गावभर विचारून बसली असेल.

तिला सांग, ताई मेलेली असती तर तिच्या पासपोर्टावर कोणी शिक्का मारला नसता. तिला सांग, मेलेली माणसं पत्रात माझ्या अक्षराला नावं ठेवत नाहीत. हसली तर बरंच. नाही हसली तर पाय धर. मी इथून हात जोडतो. गाठीचं वाचल्यापासून मला घास गिळवत नाही, आणि वर रोज पाहुण्यांसमोर छाती फुगवून या नगराचा इतिहास सांगायचा. काल सी साकेतला मधेच माझा आवाज गेला. एका आजींनी लेमनची गोळी दिली.

केओ, हा दिवस गेला तर पुढचा नाही, हे तुला आणि मला माहीत आहे. ताईला माहीत नाही, आईला बहुतेक माहीत आहे. कसंही करून तिला गाडीत बसव. तुझा भाऊ वेडा व्हायच्या आत उत्तर पाठव.

थावी


बान ना सी,
२५ जुलै १९९५

ती. थावीदादास,
केओचा नोप.

आई येणार आहे. पण अट ऐक आणि मग आनंद कर.

काल तिने अचानक गाठोडं बांधायला घेतलं. म्हणाली, येते मी. मात्र त्या दिवशी पोरीने आपल्या भूमीवर अन्नाचा कण खायचा नाही. पाणी प्यायचं तेसुद्धा तिने पलीकडून बरोबर आणलेलं. कोणी तिला काही देऊ नये, भावजयीने नाही, हॉटेलवाल्याने नाही, आणि मी तर नाहीच. येऊन जेवली तर ती त्यांच्यातली. न जेवता परत गेली तर आपल्यातली. मी तिला इतकी वर्षं मेलेली म्हणून भरवलं, आता एकदा जिवंत म्हणून उपाशी ठेवते.

मी वाद घातला नाही. ती बोलत होती तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. कालवणासाठी रोज कोंब सोलून बघायची, कोवळे निघतात का ते, तो सगळा ढीग तिने शेजारी नेऊन दिला. मिरच्या तेवढ्या राहिल्यात, त्या उन्हात तशाच पडल्या आहेत.

मला येता येणार नाही. सुईणबाई म्हणतात महिन्याच्या आत बाळ येईल, मग मी शेकशेगडीपाशी, घराबाहेर पाय टाकायचा नाही. सिवोन आईला घेऊन येईल. ताईला तूच नीट समजावून लिही, मला जमणार नाही. ती चिडली तर माझ्या वतीने ऐकून घे. आणि तिला सांग, एक बहीण इथेही आहे, तिला विसरू नको म्हणावं.

तुझी,
केओ


विएंतियान,
२९ जुलै १९९५

ती. फिम्माताईस,
थावीचा नोप. वि. वि.

हे पत्र कसं लिहावं ते समजत नाही, म्हणून सरळ लिहितो. आई येतेय. पण तू त्या दिवशी आमच्याकडे काही खायचं नाहीस.

(तारीख, पुडे, आईचं म्हणणं हे सगळं मागच्या पानावर सविस्तर लिहिलंय, आधी ते वाच.) घरचं जेवण मी रद्द केलं. ऑफिसला सांगितलं बायको आजारी आहे. गट हॉटेलात जेवेल. तेवढ्या वेळात तुला घेऊन मी घरी येईन, आई ओसरीवर असेल. तिने आदल्या दोन दिवसांत पोचावं असं ठरवलंय, कारण कासीच्या घाटात पावसाळ्यात दरड कोसळते.

ताई, तुला वाटेल मी गाइड असून आईला दोन शब्द समजावू शकलो नाही. खरंच नाही समजावू शकलो. भन्तेजीही हरले. राग आला तर माझ्यावर काढ, पण ये. तुझा लोभ या पत्रानंतरही तसाच राहो.

तुझा,
थावी


लिमोज,
१० ऑगस्ट १९९५

चि. थावीस,
आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चुलीत घालावंसं वाटलं, पण इकडे चूलही नाही. मी किती रडले ते तुला सांगून काय उपयोग. रोज चादरींच्या वाफेत उभी राहून मी एकच विचार करत होते, की आईजवळ बसून जेवेन. तेवढंच मागितलं होतं. राजवाडा नव्हता मागितला. आणि माझी आई म्हणते पोरीला पाणीसुद्धा देऊ नका.

दोन दिवस मी येणारच नाही असं ठरवलं होतं. बॅगेतले कपडेसुद्धा काढून कपाटात ठेवले. मग वाटलं, तिने त्या पुड्यात केळं ठेवलं असेल तर ते सोनकेळंच असणार. मला दुसरं आवडायचं नाही, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत आहे. मेलेल्या पोरीच्यासुद्धा आवडीनिवडी सांभाळणारी बाई ती. तिच्याशी भांडून मी कुठे जाऊ.

तिला कळव, नाही खाणार. पाण्याची बाटली पलीकडूनच आणेन. केओला सांग, तिला मी पाठुंगळी घेऊन मेकाँगच्या काठी फिरवलंय, तिला आठवत नसेल, माझ्या पाठीला आठवतं.

आता पत्र नको, भेटच. तोवर सगळ्यांना सांभाळ.

तुझी ताई,
फिम्मासोन


विएंतियान,
२९ ऑगस्ट १९९५

चि. केओस,
अनेक आशीर्वाद, आणि नव्या भाचीला पहिला पापा.

मुलगी झाल्याचं कळलं. आई हसली. ती माझ्याकडे आहे, थकली आहे, रस्ता सुधारला की सिवोन तिला घेऊन येईल. त्या दिवसाचं सगळं लिहितो, कारण आई तुला काही सांगणार नाही.

आधीचे दोन्ही दिवस मी बसतळावर जाऊन आलो. गाडी नाही. कासीला दरड आली, पलीकडचं काही कळत नाही, एवढंच जो तो सांगत होता. पंचवीसच्या सकाळी नोयला तळावर बसवलं आणि सांगितलं, आई आली की रिक्षा करून आम्ही जिथे असू तिथे घेऊन ये. कुठे कधी असू ते तिला पाठ करून घ्यायला लावलं, आणि मी पुलावर गेलो.

ताईला मी लगेच ओळखलं. केस कापलेत, अंग भरलंय, पण उभं राहायची तऱ्हा तीच, एका पायावर. मी फ्रेंचमध्ये स्वागत करून डोकी मोजत होतो आणि ती सरळ येऊन सगळ्यांदेखत गळ्यात पडली. तिकडची सवय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने पहिलं काय विचारलं असेल ते सांगायला नको. मी म्हटलं, येतेय, वाटेत आहे.

मग केओ, मी जो इतिहास सांगितला तसा कोणी सांगितला नसेल. सी साकेतच्या एकेका मूर्तीपाशी थांबलो. विहाराच्या भिंतीशी, झाडांच्या मुळांशी पहाटेचे पुडे पडले होते, मुंग्या लागल्या होत्या. ताई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग माझ्या शर्टाची बाही धरून चालायला लागली, ती सोडली नाही. पातूसायच्या पायऱ्यांवर मी दर वळणाला भाषण ठोकलं. एका आजोबांनी विचारलं की या शहरात इतकं पाहण्यासारखं आहे हे पुस्तकात कसं नाही. हॉटेलात सगळे जेवले, ताई रिकामी ताटली पुढे घेऊन दाराकडे तोंड करून बसली. गटप्रमुख बाईंना वाटलं पोट बिघडलंय. घरी नेण्यात अर्थ नव्हता, ओसरी रिकामी होती. बाजार झाला. स्तूप झाला. तिथे मी रस्ता चुकल्याचं सोंग केलं आणि बस दोनदा प्रदक्षिणा घालून आणली. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, भाऊ, पूल बंद होईल. त्या वेळी मी ताईकडे बघितलंच नाही.

पुलावर पासपोर्टाची रांग लागली आणि मागून नोयची रिक्षा आली. आई कोबीच्या ट्रकमध्ये बसून आली होती. दरडीचा चिखल सिवोनने तिला पाठीवर घेऊन ओलांडला. पदर, केस, हात, सगळं लाल मातीने माखलेलं. ताई रस्त्यावरच गुडघे टेकून तिच्या पायांवर वाकली. आईने तिला उठवलं आणि दंडाला असा करकचून चिमटा काढला की ताई कळवळून ओरडली. ते ऐकून आई हसायला लागली. हसता हसता तिला उभं राहवेना, म्हणून दोघी तिथेच कठड्याशी बसल्या. ताईने तिचा हात पुसला, आईने ताईचे केस ओढून बघितले, कापले म्हणून रागावली. गटप्रमुख बाईंनी खूण केली की अजून वेळ आहे, रांग लांब आहे. भली बाई.

आणि ताई म्हणाली, “आई, भूक लागलीय गं.” मुद्दाम नाही म्हणाली. निघून गेलं तोंडातून.

सिवोनच्या खांद्याला प्रवासातली भाताची टोपली होती. आईचा हात आपोआप तिच्याकडे गेला. झाकण काढलं, भात घेतला, बोटांनी दाबून गोळा केला. आम्ही सगळे बघत होतो. मग तिने तो गोळा परत टोपलीत टाकला, झाकण लावलं, टोपली स्वतःच्या पाठीमागे सारली आणि ताईला ढकललं. म्हणाली, “जा. पलीकडे जाऊन जेव. बसू नकोस इथे, भूक लागलीय ना तुला.”

अजून पुष्कळ वेळ होता, केओ. रांगेत निम्मी माणसं बाकी होती. मी तसं सांगितलंही. पण आईने ताईला एक क्षण बसू दिलं नाही. पोर भुकेली आहे, तिला थांबवू नका, असं ती शिक्का मारणाऱ्यालासुद्धा ओरडून सांगत होती. त्याने ताईचा पासपोर्ट आधी घेतला.

बस दिसेनाशी झाली तशी आई खाली बसली ती आम्ही उचलेपर्यंत उठली नाही. त्या दिवसापासून ती जेवलेली नाही. तोंडाजवळ घास नेला की विचारते, पोर जेवली असेल का. बाळाला जप. मला पत्र लिहीत राहा.

तुझा दादा,
थावी


नोंग खाय,
२५ ऑगस्टची संध्याकाळ

ती. आईस,
साष्टांग नोप.

हे पत्र पुलापलीकडच्या टपरीवर बसून लिहिते आहे. उद्या आमची बस पुढे जाईल. इथून टाकलं तर कधी पोचेल कोण जाणे, थावी तुला वाचून दाखवेल.

आई, मी जेवले. उतरल्या उतरल्या पहिली टपरी दिसली तिथेच बसले. टोपलीभर चिकट भात, भाजलेला मासा, कच्च्या पपईची कोशिंबीर, मिरची घालून. टपरीवाली आपल्याच बोलीत बोलते. ती म्हणाली, बाई, हळू खा, कोणी हिसकावत नाही. मी दुसरी टोपली मागितली. गटातली माणसं बसमध्ये खोळंबली आहेत आणि मी खातेच आहे. मासा जरा करपलाय, ठेचा तुझ्यासारखा नाही, पण मी काटे चोखून खाल्ला. दंडावर तुझी बोटं उमटली आहेत, मातीसकट. ती मी धुतली नाहीत.

तुझ्या हाताच्या गोळ्याकडे मी बघत होते, ते तू पाहिलंस. तू तो परत ठेवलास, ते मी पाहिलं. त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. तुझं मन ओळखलं नव्हतं तेव्हा रागावले होते.

तुझा दंड माझ्या मुठीत मावला, आई. मला कोणी काही सांगितलेलं नाही, पण मी नर्सिंग शिकत होते. म्हणून एवढंच मागते. माझी काळजी आता पुरे. मी इकडे रोज जेवेन. तू तिकडे दोन घास खा.

तुझीच, पोटभर जेवलेली,
फिम्मा